लिंकचे कमिशन आणि भाचीची वही



वाचक बंधू-भगिनींनो, या सदरात आम्ही घरखर्च, मुलांचे शिक्षण, बचत, आजारपण अशा विषयांवर लिहीत असतो. आजचा विषय मोबाईलवरच्या कमाईचा आहे. पण तो सांगण्याआधी आम्हाला आमची एक चूक कबूल करावी लागेल. दुसऱ्याला शहाणपण शिकवणाऱ्याने आधी स्वतःची वही उघडून दाखवावी, असे आम्हाला वाटते.

गेल्या वर्षीची गोष्ट. जून महिना होता, शिवाजी पेठेत पावसाची झड लागली होती. आमची भाची भिजत घरी आली आणि मोबाईल आमच्यापुढे धरून म्हणाली, "मामा, बघा तरी. तीन हजार जमा झाल्यात." पोरगी बी.कॉम. झालेली. पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे गांधी मैदानावर आणि रंकाळ्याच्या काठाने धावते. तिने मोबाईलवर 'ॲफिलिएट मार्केटिंग' शिकवणारा एक वर्ग लावला होता. फी सहा हजार रुपये. ती तिच्या आईने, म्हणजे आमच्या धाकट्या बहिणीने, बचत गटातून कर्ज काढून भरली होती. गटाचे व्याज शेकडा दोन रुपये महिना. दहा हप्त्यांत मुद्दल सहा हजार आणि व्याज सहाशे साठ, असे एकूण सहा हजार सहाशे साठ रुपये फेडायचे होते.

पहिल्याच महिन्यात तीन हजार आले म्हटल्यावर आम्हाला आनंद झाला. आम्ही पाव किलो पेढे आणले, गल्लीत वाटले. एवढ्यावर थांबलो असतो तरी बरे होते. पण गटाच्या बैठकीत आम्ही चार बायांसमोर म्हणालो, "पोरगी घरबसल्या कमावती झाली. तुमच्या मुलींनाही शिकवा."

हे तीन हजार कशाचे होते, हे मात्र आम्ही विचारले नाही. आमची चूक झाली ती इथेच.

पंधरा दिवसांनी एका संध्याकाळी भाचीच्या मैत्रिणीची आई आमच्या दारात उभी राहिली. तिचे मालक रिक्षा चालवतात. ती आत आली नाही, चहाही घेतला नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "दादा, तुमच्या शब्दावर पैसं भरलं वो. पोरीला सांगत्यात, अजून दोन पोरी आण, मगच पैसं मिळतील. ती कुणाला आणणार? कानातली फुलं गहाण ठेवून दिल्यात आम्ही. ती सोडवायची कशी?"

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. भाचीला मिळालेले तीन हजार हे वस्तू विकल्याचे कमिशन नव्हते. मैत्रिणीने भरलेल्या सहा हजारांतला तो अर्धा वाटा होता. ज्यांनी वर्ग घेतला, त्यांनी शिकवले ते एवढेच, की हाच वर्ग दुसऱ्याला विका. दोन मैत्रिणी आणल्या की तुमचे सहा हजार वसूल, तिसरीपासून नफा. रात्री भाची भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "मी फसलो ते फसलो मामा, पर तिला बी घेऊन बुडालो."

दुसऱ्या दिवशी तिने ते तीन हजार मैत्रिणीच्या घरी नेऊन दिले. उरलेले तीन हजार आम्ही भरले. यात आमचे काही मोठेपण नाही. गटाच्या बैठकीत जो शब्द आम्ही न विचारता उधळला, त्याचा तो दंड होता. ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. तक्रारीचा क्रमांक मिळाला, पैसे अजून मिळालेले नाहीत.

साखळीचा हिशोब

वाचकहो, हा हिशोब एकदा कागदावर मांडून बघा. पहिल्या पायरीवर एक माणूस. त्याने दोघांना आणले, ही दुसरी पायरी. त्या दोघांनी दोन-दोन आणले, चार. मग आठ, सोळा, बत्तीस. अशी विसावी पायरी आली की त्या एका पायरीवरच ५,२४,२८८ माणसे लागतात. २०११ च्या जनगणनेत आपल्या कोल्हापूर शहराची लोकसंख्या सुमारे साडेपाच लाख होती. म्हणजे तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्या आजीपर्यंत अख्खे शहर त्या एका पायरीवर बसवावे लागेल.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. ही साखळी कुठेही थांबवा, शेवटच्या पायरीवरची माणसे आधीच्या सगळ्या पायऱ्यांच्या बेरजेपेक्षा एकाने जास्तच असतात. आठ ही संख्या एक, दोन आणि चार यांच्या बेरजेपेक्षा एकाने मोठी. सोळा ही त्याआधीच्या पंधरांपेक्षा एकाने मोठी. म्हणजे निम्म्याहून जास्त माणसांचे पैसे बुडणार, हे पहिल्याच दिवशी ठरलेले असते. त्यात कोणाच्या आळसाचा किंवा नशिबाचा प्रश्न नाही. आणि शेवटच्या पायरीवर कोण असते? ज्याला बातमी उशिरा कळते तो, म्हणजे आपल्यासारखाच.

अशा धंद्याला आपल्या देशात कायद्याने बंदी आहे. माणसे जोडून पैसे फिरवणाऱ्या योजनांविरुद्धचा कायदा १९७८ सालचा आहे. ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२१ च्या डिसेंबरात थेट विक्रीचे नियम आले, त्यांतही पिरॅमिड पद्धतीला मनाई आहे. तरी नवे नाव घेऊन तीच गोष्ट पुन्हा येते. पूर्वी ती हॉटेलातल्या सभेतून यायची, आता मोबाईलमधून येते.

मग खरे ॲफिलिएट मार्केटिंग म्हणजे काय?

भाचीने धीर सोडला नाही. म्हणाली, "नाव खोटं न्हाई मामा, माणसं खोटी हुती. खरं काय आसतंय ते तर बघू." आम्हीही ठरवले की पळून जायचे नाही, शिकायचे. चार महिने आम्ही दोघांनी मिळून एक वही ठेवली. त्या वहीतूनच पुढचे सांगतो.

कोल्हापूरच्या माणसाला दलाली समजावून सांगायला नको. शाहूपुरीच्या गूळ बाजारात अडत्या असतो. शेतकऱ्याचा गूळ तो व्यापाऱ्याला विकून देतो आणि त्यावर अडत घेतो. गूळ त्याचा नसतो, पैसाही त्याचा नसतो, त्याची असते ती ओळख आणि शब्द. विमा एजंटाचे तेच, पिग्मी गोळा करणाऱ्याचे तेच. ॲफिलिएट म्हणजे मोबाईलवरचा असाच अडत्या.

रीत अशी आहे. दुकान आपल्याला एक लिंक देते, तिच्यात आपला क्रमांक दडलेला असतो. कोणी त्या लिंकवर बोट ठेवून दुकानात गेला आणि त्याने वस्तू घेतली, तर दुकानाला कळते की गिऱ्हाईक अमक्याने पाठवले. त्यावर दुकान ठरलेले कमिशन देते. गिऱ्हाईकाला त्यासाठी जादा पैसे पडत नाहीत. अमेरिकेत ॲमेझॉन हे दुकान फक्त पुस्तके विकत होते, तेव्हा १९९६ साली त्याने ही पद्धत सुरू केली आणि पुढे ती जगभर पसरली. आपल्याकडे २०१५ साली बंगळूरमध्ये सुरू झालेल्या मीशो या कंपनीने याच्या जवळची रीत घराघरांत नेली. साड्या-कुर्त्यांचे फोटो बायांनी व्हॉट्सॲपवर ओळखीच्यांना पाठवायचे, आपला नफा धरून किंमत सांगायची आणि माल कंपनीने पोहोचवायचा. आपल्या कितीतरी भगिनींनी मोबाईलवरचा व्यवहार पहिल्यांदा असाच केला.

खरे आणि खोटे ओळखायला तीन प्रश्न पुरेत. सामील होण्यासाठी पैसे मागतात का? खऱ्या कार्यक्रमात मागत नाहीत. कमिशन कशावर मिळते, वस्तू विकल्यावर की माणूस आणल्यावर? आणि विकत घेणाऱ्याला ती वस्तू पुढे कोणाला विकायची नसली, तरी तिचा उपयोग आहे का? बूट पायात घालता येतो, पुस्तक वाचता येते. आमच्या भाचीचा तो सहा हजारांचा वर्ग दुसऱ्याला विकण्याखेरीज कशाच्याही कामाचा नव्हता.

खऱ्या कार्यक्रमातही अटी असतात आणि त्या वाचाव्या लागतात. उदाहरणार्थ, ॲमेझॉनच्या कार्यक्रमात नाव नोंदवल्यापासून १८० दिवसांत तीन विक्र्या झाल्या नाहीत, तर खाते बंद होते. लिंकवरून गेलेल्या गिऱ्हाईकाने २४ तासांत वस्तू आपल्या टोपलीत टाकली नाही, तर पुढे त्याने ती घेतली तरी आपल्याला काही मिळत नाही. स्वतःच्याच लिंकवरून स्वतःसाठी घेतलेल्या मालावर कमिशन नाही. गिऱ्हाईकाने माल परत केला की कमिशनही परत. पैसे हातात यायला दोन-दोन महिने लागतात. पॅन कार्ड आणि बँकेचे खाते लागते, आणि मिळालेले कमिशन हे उत्पन्न असल्यामुळे त्याची नोंद ठेवावी लागते. उद्यापासून चूल पेटेल, असा हा धंदा नव्हे.

पैसे देऊन केलेली जाहिरात

भाचीने विषय निवडला तो तिच्या ओळखीचा. पोलीस भरतीला लागणारे धावण्याचे बूट आणि सरावाची पुस्तके. आम्ही म्हणालो, लोकांपर्यंत लवकर पोहोचायचे तर जाहिरात करू. हा आमचा दुसरा उतावीळपणा. खर्च मात्र या वेळी आमच्या खिशातून केला, गटाच्या पैशाला हात लावला नाही.

फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरची जाहिरात म्हणजे सौदाच असतो. एक जागा आणि बोली लावणारे अनेक. पण गुळाच्या सौद्यासारखे इथे फक्त जास्त बोलीवर ठरत नाही. जाहिरात पाहून माणूस बोट ठेवण्याचा संभव किती आणि ती लोकांना आवडते की नकोशी होते, हेही कंपनीचे यंत्र तोलते. त्यामुळे मोठ्या दुकानाचा पैसा आणि आपले दोनशे रुपये एकाच सौद्यात उतरतात. दुकानाकडे हिशोबनीस असतात, आपल्याकडे एक वही.

दहा दिवस, रोज दोनशे रुपये, म्हणजे दोन हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी तीनशे साठ. एकूण खर्च दोन हजार तीनशे साठ. जाहिरातीवर बोट ठेवणारे निघाले पाचशे. आम्ही खूश झालो. पाचशे माणसे म्हणजे केवढी गर्दी! त्यांतल्या दहांनी बूट घेतले. बुटाची किंमत नऊशे, कमिशन शेकडा पाच, म्हणजे जोडीमागे पंचेचाळीस रुपये. दहा जोड्यांचे साडेचारशे. दोन जोड्या माप बसले नाही म्हणून परत गेल्या. हातात उरले तीनशे साठ.

भाचीने वहीत दोन आकडे लिहिले. एका क्लिकला आपल्या खिशातून गेले चार रुपये बहात्तर पैसे. एका क्लिकमागे आले बहात्तर पैसे. चार रुपयांचा खड्डा. तो भरायचा तर दर शंभरांतल्या दहा-अकरा माणसांनी बूट घ्यायला हवे होते. आमच्या शंभरांतल्या दोघांनी घेतले. पैसे देऊन जाहिरात करायची की नाही, हे ठरवायला एवढे दोन आकडे पुरतात. क्लिकमागे येणारा पैसा जाणाऱ्या पैशापेक्षा जास्त नसेल, तर जाहिरात वाढवून तोटाच वाढतो. "आणखी पैसे घाला, मग चालेल" असे सांगणाऱ्याचे ऐकू नये.

ज्याचा स्वतःचा माल आहे, ज्याला एका विक्रीत दोनशे-तीनशे रुपये सुटतात, त्याला अशी जाहिरात परवडू शकते. पंचेचाळीस रुपयांच्या अडत्याला ती सहसा परवडत नाही. आणि तरीही करून बघायची असेल, तर जाहिरात बंद होण्याची तारीख सुरुवातीलाच घालून ठेवावी. ती घातली नाही तर जाहिरात चालूच राहते आणि पैसे वजा होत राहतात. शिवाय काही दुकानांना आपल्या नावाचा शब्द वापरून केलेली जाहिरात चालत नाही, ते खाते बंद करतात. तेही आधी बघून घ्यावे.

या निमित्ताने एक जुनी गोष्ट आठवते. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले. शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपयांची मदत केली. त्या वेळी 'केसरी'ने 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊ केले तरी छापली नव्हती. आज दोनशे रुपये असलेला कोणीही जाहिरात देऊ शकतो, त्याला जात विचारली जात नाही. हा फरक लहान नाही. पण दार उघडले म्हणून आत जाऊन खिसा रिकामा करून यावे, असे नाही.

बिनपैशाची ओळख

जाहिरात बंद केली आणि भाचीने दुसरी वाट धरली. पहाटे धावून झाले की मैत्रिणीकडून ती मोबाईलवर एक-दोन मिनिटांचे चित्रण करून घेऊ लागली. बोलणे आपल्या कोल्हापुरी मराठीत. मुलींना ८०० मीटर धावायचे असते, त्याला २० गुण असतात. पहिल्या चक्कराला दम कसा राखायचा? गोळा फेकताना खांदा कुठे असावा? पावसात भिजलेले बूट कसे वाळवायचे? लेखी परीक्षेच्या शंभर गुणांसाठी तिने स्वतः कोणते पुस्तक वापरले? जी वस्तू ती खरोखर वापरते, तिचीच लिंक खाली. याला बिनपैशाचा प्रसार म्हणतात, पण बिनकष्टाचा नव्हे. चार महिन्यांत तिने एकतीस चित्रणे केली.

पहिल्या महिन्यात कमिशन शून्य. दुसऱ्या महिन्यात बासष्ट रुपये. तिसऱ्या महिन्यात चारशे पंधरा. चौथ्या महिन्यात आठशे सत्तर. बेरीज तेराशे सत्तेचाळीस. जाहिरातीतले तीनशे साठ मिळवले तर सतराशे सात, आणि जाहिरातीचा खर्च दोन हजार तीनशे साठ. म्हणजे वहीप्रमाणे आम्ही अजून सहाशे त्रेपन्न रुपये तोट्यात आहोत. मोबाईलचे रिचार्ज आणि तिची मेहनत यात धरलेली नाही. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण मोबाईलवर कोणी आपला तोटा दाखवत नाही.

तिचे सर्वांत जास्त पाहिले गेलेले चित्रण कोणते, ठाऊक आहे? एका बुटाचा तळवा वीस दिवसांत सुटला, तो हातात धरून तिने सांगितले, "हे घेऊ नका." त्यावर तिला एक पैसाही मिळाला नाही. पण त्यानंतर तिने जो बूट चांगला म्हटला, त्यावर लोकांनी विश्वास ठेवला. तिसऱ्या आणि चौथ्या महिन्याची कमाई त्या एका 'घेऊ नका'नंतरची आहे.

शब्दाची किंमत काय असते, हे कोल्हापूरने फार पूर्वी पाहिले आहे. शाहू महाराजांच्या पदरी नोकरीला असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल मार खावा लागला. महाराजांनी त्यांना मदत करून भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढायला लावले. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? तर महाराज स्वतः आपली गाडी त्या दुकानापुढे थांबवून चहा पिऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. गंगारामांच्या दुकानाची याहून मोठी जाहिरात कोणती असेल? पण महाराजांनी त्या कपात कमिशन घेतले नव्हते. आपण घेतो. म्हणून आपण ते सांगितलेच पाहिजे.

आता तो नियमही आहे. जाहिरात क्षेत्रातल्या 'आस्की' या संस्थेने २०२१ मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २० जानेवारी २०२३ रोजी सूचना काढल्या. समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्याला पैसा किंवा दुसरा लाभ मिळत असेल, तर ते चटकन दिसेल असे आणि ज्या भाषेत आपण बोलतो त्याच भाषेत सांगायचे. न वापरलेल्या वस्तूची वापरल्यासारखी शिफारस करायची नाही. फसवी जाहिरात केल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. आमची भाची प्रत्येक चित्रणात सुरुवातीलाच म्हणते, "या लिंकवरून घेतलं तर मला थोडं कमिशन मिळतं. दुकानातून घेतलं तरी चालतंय." लोक पळून जातील, अशी आम्हाला भीती होती. लोक पळाले नाहीत.

भाड्याची जागा

एक सावधगिरीची गोष्ट. समाजमाध्यमावरची आपली जागा ही भाड्याची जागा असते. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. खेड्यापाड्यांतल्या ज्या मुलामुलींनी तिथे लाखो प्रेक्षक मिळवले होते, त्यांची ती जागा एका रात्रीत गेली. त्याच वर्षी नगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासार गावच्या सुमन धामणे या सत्तरीच्या आजी आपल्या नातवाच्या मदतीने यूट्यूबवर गावरान स्वयंपाक दाखवून 'आपली आजी' म्हणून महाराष्ट्रभर पोहोचल्या. ऑक्टोबरात त्यांचे खाते कोणीतरी चोरले. नशिबाने काही दिवसांनी ते परत मिळाले. तेव्हा खात्याला दुहेरी कुलूप लावावे, म्हणजे पासवर्डाखेरीज दुसऱ्या खुणेची सोय करून ठेवावी. ओटीपी कोणालाही सांगू नये. आणि एकाच माध्यमावर सगळी भिस्त ठेवू नये.

"घरबसल्या लाईक करा, रोज दोन हजार कमवा" असे निरोप आले तर ते पुसून टाका. आधी शंभर-दोनशे देऊन मग हजारो रुपये भरायला लावण्याची ती युक्ती असते. पैसे गेलेच, तर त्याच तासाला १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

मायबहिणींना विनंती

मुलांना मोबाईलवरचे हे काम करू नका, असे आम्ही म्हणणार नाही. बोलणे, लिहिणे, हिशोब ठेवणे, माल पारखणे हे सारे त्यात शिकता येते, आणि ते शिकायला फुकट मिळते. मात्र कर्ज काढून शिकू नये. दागिना गहाण ठेवून तर मुळीच नाही. पहिले सहा महिने यातून घरखर्च चालेल असे धरू नये. आणि मुलाने पैसे आणून हातात ठेवले, तर पेढे आणण्याआधी एवढेच विचारावे : बाळा, हे पैसे कोणाच्या खिशातून आले आणि त्याला बदल्यात काय मिळाले? भगवंतांनी सांगितलेली सम्यक आजीविका म्हणजे आमच्या मते हाच प्रश्न, रोज स्वतःला विचारलेला.

भाची आता संध्याकाळी महाद्वार रोडवरच्या एका कापड दुकानात काम करते. पहाटेचे धावणे आणि चित्रण चालू आहे. गटाचे हप्ते ती दुकानाच्या पगारातून भरते, अजून दोन राहिलेत. मैत्रिणीची कानातली फुले सुटली. तिची आई मध्ये एकदा आमच्याकडे आली, या खेपेला आत आली आणि चहाही घेतला. ती मैत्रीण आता भाचीचे चित्रण करते. कमिशनचा निम्मा वाटा तिचा, तो वहीत दोघींच्या सहीने लिहिलेला असतो.

गटाच्या पुढच्या बैठकीत आम्ही ही वही सर्वांसमोर वाचून दाखवली, तोट्याच्या आकड्यासकट. आधी ज्या बैठकीत मोठेपणा मिरवला, त्याच बैठकीत हे सांगणे आमच्यावर लागू होते. आपल्या वस्तीत, आपल्या गटात कोणाला असा अनुभव आला असेल, तर लाज न बाळगता चारचौघांत सांगावा. आपण गप्प राहिलो तर साखळीला पुढची पायरी मिळते.

जयभीम!